एक्केचाळिसावी नोंद

१८ जानेवारी २००४, रविवार. मांजरपाटाचं कापड धुऊन दोरीवर टाकलंय. वाळलं की त्यात तुझ्या वह्या शिवायच्या आणि हैदराबादला सरांकडे रजिस्टर पोस्टाने पाठवायच्या. दाभण आहे, सुतळी आहे, लाखेची कांडी ऑफिसातून आणली. वह्या चौदा आहेत. पाच तुझ्या गणिताच्या, नऊ माझ्या नोंदींच्या. थंडीत कापड लवकर वाळत नाही. तोवर तुझ्याशी बोलून घेते, विशाखा. त्या नऊ वह्यांत एक ओळ अशी आहे, जिच्याबद्दल आपण आठ वर्षं बोललो नाही.

तुला जाऊन तेरा दिवस झाले. पुण्यानुमोदनाला वांकिडीपासूनचे सगळे नातेवाईक आले, जेवले, दोन शब्द बोलले आणि गेले. जवळजवळ प्रत्येकाने मला बाजूला घेऊन एकच सांगितलं, "सुटली बिचारी." काकूने पुढे जोडलं, "अन् तू बी सुटली वं, सुजाता." मी म्हटलं, "काकू, वरण घ्या."

सुटली म्हणजे कुठून, हे कोणी विचारलं नाही. घर समोरच होतं. आपल्या घरात आतून लागणारी एकही कडी नाही. तू चौदा वर्षांची असताना पहिला मोठा झटका तुला न्हाणीघरात आला. दार आतून बंद होतं, ते बाबांनी पहारीने उचकटलं. शेजारपाजारचे मांत्रिकाचं नाव सुचवायला लागले. बाबा शाळेत शिकवायचे, त्यांनी एवढंच सांगितलं, "माही पोर नागपूरच्या डॉक्टरकडे जाईन. दुसरीकडे नाई." त्याच संध्याकाळी पेचकस घेऊन त्यांनी घरातल्या सगळ्या दारांच्या आतल्या कड्या काढल्या. बाहेरच्या तशाच ठेवल्या. खाट विकली, तुझं अंथरूण जमिनीवर आलं. चूल, विहीर, गच्ची बंद. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, महसुलाच्या मंडल ऑफिसात नोकरीला. माझं लग्न जमत होतं. घरात मिरगी आहे म्हटल्यावर जमलं नाही. त्याचं दुःख नाही, तो माणूस खर्रा खायचा. पण आज सेहेचाळीस वर्षांची झाले आणि गेल्या वीस वर्षांत मी एकदाही कडी लावून अंघोळ केलेली नाही, हे मला परवा लक्षात आलं.

कडी गेली तेव्हा पाढे आले. अंघोळ करताना तू मोठ्याने पाढे म्हणायचे, पाढा थांबला की बाहेरच्या माणसाने आत शिरायचं, असा बाबांचा नियम. माय दाराबाहेर पाटावर बसून ऐकायची. तू दोनपासून सुरू केलंस आणि वर्षाभरात तिसाच्या पुढे गेलीस. मग पाढे पुरेनात म्हणून वर्ग म्हणायला लागलीस, मग घन. शेजारच्या बाई म्हणायच्या, तुमच्याकडे सकाळची शाळा भरते. तुझं गणित त्या न्हाणीघरातून आलं असं लोक परवाही बोलत होते. मला ते पटत नाही. ते सगळे पाढे मीही रोज ऐकले, आणि मला अजून एकोणतीसचा येत नाही.

नागपूरच्या डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली. झटका कधी आला, किती वेळ टिकला, आदल्या दिवशी झोप किती, गोळी वेळेवर का, पाळी कधीची. हे काम माझ्याकडे आलं, कारण ज्याला झटका येतो त्याला तो दिसत नाही. तू तुझ्या एकाही झटक्याला हजर नव्हतीस. शुद्धीवर यायला तुला तास लागायचा, मग तू विचारायचीस, काय झालं? आणि मी वहीतून वाचून दाखवायचे.

त्या वहीला खरी शिस्त मात्र तूच लावलीस. बीएस्सी झाल्यावर एक दिवस पहिलं पान उघडून मला सुनावलंस, "ताई, हे तुमच्या ऑफिसातल्या पहाणीसारखं नाई पाह्यजे." पहाणी म्हणजे कोणत्या शेतात काय पेरलंय याची आमची नोंदवही. ती शेतावर जाऊन भरायची असते. काही कारकून शेतावर न जाता खुर्चीत बसून कापूस, तूर, ज्वारी लिहून मोकळे होतात, हे मीच तुला हसत सांगितलं होतं.

"खुर्चीत बसून लिहायचं नाई. जे पाह्यलं तेच लिहायचं. वेळ घड्याळात पाहून. नाई पाह्यलं तर तसं लिहायचं."

"अन् चूक झाली तर?"

"तुमचाच नियम. एक रेघ, खालचं वाचता आलं पाह्यजे. अन् दोन सह्या. लिहिणारीची अन् तपासणारीची."

तपासणारी तू. महिन्याच्या शेवटी प्रत्येक पानाखाली तुझं 'वि.' पडायचं.

त्या नोंदींचं तू काय करणार आहेस हे मला दोन-तीन वर्षं कळलं नाही. टपालाने एमएस्सी करता करता तुला कुठल्याशा लेखात हैदराबादच्या सरांचं नाव सापडलं. मेंदूतल्या विजेचं गणित करणारे. तू त्यांना पत्र लिहिलंस, त्यांचं चार पानी उत्तर आलं, आणि त्यानंतर आपल्या घरात डाळीपेक्षा जास्त समीकरणं शिजली. मला तू समजावून सांगितलंस ते मी माझ्या भाषेत धरून ठेवलंय. मेंदूत एकमेकींना चेतवणाऱ्या पेशी आहेत आणि त्यांना आवरणाऱ्याही आहेत. दोघींचा तोल हळूहळू ढळतो. एका हद्दीपलीकडे गेला की सगळ्या एकदम पेटतात, तोच झटका. पेटून विझल्या की तोल पुन्हा पहिल्या जागी. हे हळूहळू ढळणं दिवसादिवसाला मोजता आलं, तर झटका आंधळा राहत नाही.

मायसाठी तू मडकं आणलंस. नळाखाली एक मडकं, त्याला बारीक भोक. वरून थेंब पडतात, खालून थोडं गळतं. झोप कमी झाली की थेंब जोरात. गोळी घेतली की भोक मोठं. काठोकाठ भरलं की मडकं कलंडतं आणि रिकामं होतं.

माय म्हणाली, "म्हंजे मेंदूत पाणी हाये का वं?"

"पाणी नाई माय, गणित हाये."

"मंग मडकं कायले? टोपलं घे. त्यात पाणी राहतच नाई."

तू इतकी हसलीस की मी उशी आणायला उठले. "माय, डॉक्टर तेच तं करून राह्यला. गोळ्या वाढव, गोळ्या वाढव. टोपलं झालं की झटका नाई, अन् मी बी नाई."

ती उशी, झटक्यात डोक्याखाली सरकवायची. तू जिथे जाशील तिथे मी, आणि माझ्या पिशवीत उशी. आदिलाबादच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये दर रविवारी दोन तास तू मडक्याचं गणित मशीनवर चालवायचीस, आणि मी शेजारच्या खुर्चीवर उशी मांडीवर घेऊन बसायचे. कागदावर एक रेघ वर वर चढत जायची आणि मधेच धप्पकन पडायची. जिथे पडायची ती तारीख तू माझ्या वहीत शोधायचीस. पहिल्यांदा जुळली तेव्हा तू माझ्या गुडघ्यावर चापट मारलीस.

आपलं भांडण तिथलंच आहे, आणि ते अर्धंच राहिलं. मी म्हणायचे, तुझ्या मडक्याला हे कुठे माहीत आहे की त्या दिवशी लग्नात तुला कोणी ओवाळू दिलं नाही? तू म्हणायचीस, थेंब कुठून आला ते मडक्याला कशाला पाहिजे, किती आला ते सांग. मी चिडून विचारलं होतं, "मंग तुया समीकरणात मी कुठी हाये?"

"तू पाहणारी हायेस, ताई. पाहणारा समीकरणात नसते."

१९९६ च्या जानेवारीत सरांचं पत्र आलं. त्यांच्याकडे मदतनीसाची जागा होती. आधी महिनाभर येऊन पाहा, मुलींच्या वसतिगृहात सोय होईल. तू पत्र घेऊन माझ्याकडे आली नाहीस, वही घेऊन आलीस. तुझं म्हणणं सरळ होतं. मडकं एकदा रिकामं झालं की कितीही जागरण झालं, तरी तीस दिवसांत भरत नाही. सहा वर्षांच्या नोंदी हेच सांगतात. म्हणजे पुढचा झटका येऊन गेला की त्यानंतरचे तीस दिवस तुझे. तेवढ्यात एकटीने बस, एकटीने वसतिगृह, एकटीने कडी लावून अंघोळ. कडी हा शब्द तू वापरलास.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी दुपारी चाळिसावा झटका आला. पूर्ण, तीन मिनिटं, जीभ चावलेली. तासाभराने शुद्धीवर आलीस आणि पहिलं बोललीस ते हे, "ताई, मडकं रिकामं झालं. गुरुवारची बस." झटका आला म्हणून आनंद झालेला माणूस मी तेवढाच पाहिला.

त्या तीन दिवसांत मी काय केलं ते सांगते. तुझ्या गोळ्यांच्या दोन डब्या भरल्या, एकीवर सकाळ लिहिलं, एकीवर संध्याकाळ. सतरंजीची गुंडाळी बांधली. सरांना तार केली. आणि बुधवारी ऑफिसात माझी स्वतःची फाईल काढून पाहिली. तीन वर्षांपूर्वी मला बढती आली होती, आसिफाबादला. मी लेखी नकार दिला होता, 'घरगुती अडचणीमुळे'. ती घरगुती अडचण दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाच्या बसने हैदराबादला चालली होती.

भीती होती, हे खरं आहे. बसच्या पायरीवर आला तर, वसतिगृहाच्या जिन्यात आला तर. पण नुसती भीती असती तर मी रजा टाकून तुझ्याबरोबर आले असते, उशी घेऊन. माझ्या रजा साठून कुजत होत्या. मला खरी भीती दुसरी होती. तू गेलीस आणि तुला काहीच झालं नाही, तर? मग माझी बढती, माझी बारा वर्षं, ही बिनकडीची दारं, हे सगळं कशासाठी होतं?

गुरुवारी मी पाचला उठले. तू भिंतीकडे तोंड करून शांत झोपली होतीस. बॅग दाराशी, तिच्यावर तुझे नवे बूट. मी वही घेतली आणि लिहिलं. एक्केचाळीस. पहाटे पाच दहा. झोपेत. दोन मिनिटं. खुर्चीतसुद्धा नव्हते, जमिनीवर बसून लिहिलं.

साडेपाचला गजर झाला. तू हात लांब करून तो बंद केलास.

"अशी काऊन बसली वं, ताई?"

"आला होता."

तू बोट जिभेवरून फिरवलंस. मग वही मागून घेतलीस. शाई अजून ओली होती, तुझ्या अंगठ्याला लागली. "पण मडकं तं रिकामं होतं," तू म्हणालीस. मला नाही, वहीला. मग अंगठा चादरीला पुसून, "मंग माहं गणितच चुकलं."

बस चुकल्याबद्दल तू एक शब्द बोलली नाहीस. गणिताबद्दल रडलीस. मी फक्त बस अडवायला निघाले होते. त्या एका ओळीने तुझं सहा वर्षांचं काम खोटं ठरेल, हे मला तू रडायला लागल्यावर कळलं. तेव्हाही मी सांगू शकत होते. साडेसहाला वेळ होता. मायने चहा ठेवला. हायवेवर बसचा हॉर्न वाजला, दोनदा, मग गेली.

नंतरचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने लिहून ठेवते. डॉक्टरांनी वहीत ती ओळ पाहिली, तीन दिवसांत दुसरा झटका, आणि गोळ्या वाढवल्या. टोपलं झालं. तुझी बोटं थरथरायला लागली, फळ्यावर आकडा लिहिताना खडू निसटायचा. ज्या शाळेत तू गणित शिकवायचीस तिथून मुलं विचारायला यायची, मिस कधी येणार. जागा सरांनी दुसऱ्या कोणाला दिली. तरी त्यांनी पत्रव्यवहार सोडला नाही, आणि तू मडकं सोडलं नाहीस. दोन वर्षं त्या एका नोंदीसाठी तू समीकरणात एक जास्तीची संख्या घातलीस. तिला नाव दिलंस 'बाहेरचा धक्का'. कधी ताप असेल म्हणायचीस, कधी आवाज, कधी भीती. कागदांवर कागद. मी रात्रीचं जेवण वाढायचे आणि ते कागद बाजूला सरकवायचे.

९८ च्या जानेवारीत आपण ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होतो. तुझा हात थोडा सुधारला होता. तू शेंगेवरून नजर न उचलता विचारलंस, "ताई, त्या गुरुवारी गजर कोणं बंद केला होता?"

"कोणत्या गुरुवारी?"

"बॅग भरली होती त्या."

मी एक शेंग सोलली, दाणे पाहिले, कीड होती ती टाकली. "म्याच. तू तं झोपेत होती. नेहमीसारखी, तासाभरानं उठली."

"बरं," तू म्हणालीस. आणि सूप माझ्याकडे सरकवलंस.

मला वाटलं, निभावलं. इतकी वर्षं मला तसंच वाटत होतं. ऑफिसात इतरांच्या खोट्या पहाण्या मी वाचताक्षणी ओळखते. कागदावरचा कापूस फार सरळ रांगेत उभा असतो.

परवा सरांचं पत्र आलं. आधी तुझ्याबद्दल लिहिलंय, ते मी इथे उतरवत नाही. तू पाठवलेला शेवटचा तक्ता त्यांच्याकडे आहे. तुझ्यासारख्या इतर मुलींच्या घरांतूनही ते अशा वह्या गोळा करताहेत. प्रत्येकीचं मडकं वेगळं, पण प्रत्येकीला रिकामे दिवस असतात. ते आधी सांगता आले तर त्या शाळेत जातील, बसमध्ये बसतील. म्हणून त्यांना मूळ वह्या हव्यात. शिवाय एक शंका आहे. तुझ्या तक्त्यात चाळीसनंतर थेट बेचाळीस आहे. तापातल्या दोन नोंदी तू गाळल्यास तिथे कारण लिहिलंस. एक्केचाळीसपुढे कारणाचा रकाना कोरा आहे. सर लिहितात की कारणाशिवाय नोंद गाळता येत नाही, त्यांना ती परत घ्यावी लागेल. आणि घेतली तर मडकं रिकामं असतानाही झटका येतो असं मानावं लागेल. मग रिकामे दिवस कोणालाच छातीठोकपणे सांगता येणार नाहीत. घरातल्या कोणाला कारण माहीत असेल तर कळवावं.

घरातल्या कोणाला.

मी तुझी चौथी वही उघडली. चाळीस, मग एक्केचाळीसवर पेन्सिलची हलकी रेघ, मग बेचाळीस. 'बाहेरचा धक्का' त्या पानापासून पुढे कुठेच नाही. त्याच्याशिवाय रेघ प्रत्येक तारखेवर बरोब्बर पडते. पानावर तारीख आहे. तुरीच्या शेंगांनंतरचा तिसरा दिवस.

झटक्यानंतर तासभर तुला शुद्ध नसायची, आणि गजर आपणच बंद केल्याचं तुला आठवत होतं. म्हणजे सहा वर्षं तुला माहीत होतं. तुझं गणित बरोबर आहे हे माहीत होतं आणि मी काय केलं तेही. सहा वर्षं तू रोज माझ्या हातून गोळी घेतलीस. महिन्याच्या शेवटी माझी पानं तपासून सही केलीस. कारणाच्या रकान्यात एक शब्द लिहिला असतास तर सुटली असतीस. नाही लिहिलास.

मला हे आवडलेलं नाही, विशाखा. स्पष्टच सांगते. माझ्या तोंडावर म्हणायला काय झालं होतं? ती तुरीची टोपली माझ्या अंगावर ओतायची होतीस. मी खोटं लिहून तुला घरात ठेवलं आणि तू गप्प राहून मला ठेवलंस. एका घरात दोन माणसं एकमेकींना इतकी वर्षं सांभाळत होती, आणि आतून लागणारी कडी एकीच्याही दाराला नव्हती.

९८ नंतर तू का गेली नाहीस? सरांना पुन्हा लिहिता आलं असतं. बाबा गेले होते म्हणून? गोळ्यांनी ताकद राहिली नव्हती म्हणून? की मी ओसरीवर एकटी शेंगा सोलत बसेन हे तुला दिसलं? मी या खोलीत बसून तुझी कारणं रचू शकते, पण तुझा नियम आहे. जे पाहिलं नाही ते लिहायचं नाही.

पाहिलं ते एवढंच. त्यानंतरही तू वही माझ्याच हातात ठेवलीस. दुसऱ्या कोणाला नेमलं नाहीस, मायला विचारून पडताळलं नाहीस. बेचाळीसपासून पुढची प्रत्येक नोंद तू खरी धरलीस. त्या खऱ्या आहेत. एकूण एक. पण ते तुला कसं कळलं, हे मला कधीच कळणार नाही. त्या विश्वासाबद्दल आभार मानायचे तर कोणत्या तोंडाने, आणि मानायचे नाहीत तर मी कसली.

शेवटची नोंदही सांगून टाकते. शनिवारी तू तक्ता पाहून म्हणाली होतीस, "ताई, काठाला आलं. या दोन-तीन दिवसांत येईन." मी शनिवारी जागले, रविवारी जागले. सोमवारी पहाटे माझा डोळा लागला. झोपेत पाढे म्हणता येत नाहीत. तुझ्या अंथरुणापासून माझं अंथरूण तीन फुटांवर होतं. सहाला उठले तेव्हा तू थंड होतीस. डॉक्टर येऊन गेल्यावर मी वही घेतली. तारीख लिहिली. वेळ: माहीत नाही. कालावधी: माहीत नाही. शेरा: पाहणारं कोणी जागं नव्हतं. तुझं गणित त्याही दिवशी बरोबर होतं. मीच नव्हते.

कापड वाळलंय. पण एक्केचाळीसचं काय करायचं ते ठरत नाही. सरांना लिहू शकते की कारण माहीत नाही. तू माझ्यासाठी जागा कोरी ठेवलीच आहेस. उद्या करू.

१९ जानेवारी, सोमवार. पाचला उठले. पाणी तापवलं, अंघोळीला गेले, दार ओढून घेतलं. पहिला तांब्या ओतला तेवढ्यात बाहेर पाट सरकल्याचा आवाज आला.

"आवाज कुठी हाये वं?" माय.

चौदा दिवस ती त्या पाटावर बसली नव्हती. मी म्हटलं, "माय, मी हाये. सुजाता."

"मंग सुजाता तं सुजाता. आवाज देत राह्य."

मी दुसरा तांब्या भरून धरला. पाणी गार व्हायला लागलं. मग एकोणतीसचा सुरू केला. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. चोक एकशे सोळा. पंचे एकशे पंचेचाळीस. एकोणतीस सक. तिथे अडकले.

"एकशे चौऱ्याहत्तर," माय बाहेरून म्हणाली. मायला सही येत नाही, ती अंगठा देते.

उरलेला पाढा तिनेच सांगितला आणि मी तिच्यामागून म्हटला. दाहे दोनशे नव्वद झाल्यावर ती उठून चुलीकडे गेली.

ओले केस तसेच बांधून मी माझी नोंदींची तिसरी वही उघडली. लाल पेनने एक्केचाळीसवर एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं: झटका आला नव्हता. नोंद खोटी. कारण, बहिणीने जाऊ नये असं लिहिणारीला वाटत होतं. खाली पूर्ण नाव, सही आणि आजची तारीख. सरांना वेगळ्या कागदावर तेच पुन्हा लिहिलं, कारणाचा रकाना आता भरला आहे असं.

तपासणारीच्या सहीची जागा शेजारी कोरी सोडली. वही बाकीच्या तेरांबरोबर कापडात ठेवली, शिवली, लाख लावली, आणि साडेआठच्या बसने पोस्टात गेले.